फाइल फोल्डरमध्ये नसते

तीन जीबीचा लग्नाचा व्हिडिओ एका फोल्डरमधून उचलून शेजारच्या फोल्डरमध्ये टाकला, तर काम पापणी लवायच्या आत होते. तोच व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवायचा म्हटले की बराच वेळ ताटकळत बसावे लागते. फाइल तीच, आपण करतो तेही तेच. पण पहिल्या खेपेस व्हिडिओ जागचा हललेलाच नसतो. डिस्कवर होता तिथेच तो आहे. एका यादीतली ओळ खोडून दुसऱ्या यादीत लिहिली, एवढेच घडले. त्या याद्यांनाच आपण फोल्डर किंवा डिरेक्टरी म्हणतो.

डिरेक्टरीत डिरेक्टरी ठेवण्याची रचना मल्टिक्स या प्रणालीसाठी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी 1965 मध्ये मांडली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवताना तिला फार स्वच्छ रूप दिले. 1974 मधल्या लेखात त्यांनी स्पष्टच लिहिले आहे की फाइल अमुक एका डिरेक्टरीत राहत नाही. डिरेक्टरीत असते ते फक्त तिचे नाव आणि तिची माहिती कुठे सापडेल याचा निर्देश. लिनक्सवर आज सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी-4 ही फाइल प्रणालीही याच तत्त्वावर चालते. पुढचे वर्णन तिचेच आहे.

डिस्कचे ब्लॉक पाडलेले असतात, बहुधा 4096 बाइटचा एकेक. प्रत्येक फाइलमागे एक आयनोड असतो, म्हणजे साधारण 256 बाइटची क्रमांक दिलेली नोंद. मालक कोण, परवानग्या कोणाला, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला आणि मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सगळे तिच्यात असते. मजकूर सलग ब्लॉकमध्ये असेल तर ‘अमुक ब्लॉकपासून पुढे इतके’ एवढी एकच नोंद पुरते. अशा चार नोंदी आयनोडमध्येच मावतात. फाइल त्याहून जास्त तुकड्यांत विखुरली की जादा नोंदींसाठी वेगळा ब्लॉक घ्यावा लागतो. आयनोडमध्ये नसते ते फक्त नाव.

आता ‘/होम/सुमन/पत्रे/बँक’ ही फाइल उघडायची आहे असे समजू. डिरेक्टरी हीही एक फाइलच, म्हणून तिलाही आयनोड असतो. सुरुवातीच्या तिरक्या रेघेने दाखवलेल्या मूळ डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक ठरलेला असतो: 2. प्रणाली तो आयनोड वाचते, त्यात दिलेल्या ब्लॉककडे जाते आणि तिथे ‘होम’ हे नाव शोधते. नावाशेजारी क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाचा आयनोड, त्याचा ब्लॉक, त्यात ‘सुमन’. मग ‘पत्रे’, मग ‘बँक’. दर पायरीला तेच काम. नुकतीच शोधलेली नावे मेमरीत राखून ठेवली जातात, म्हणून हा सगळा खटाटोप आपल्याला जाणवत नाही.

‘पत्रे’ डिरेक्टरीतली ‘बँक’ची ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. पहिले 4 बाइट आयनोड क्रमांकाचे, पुढचे 2 या ओळीच्या लांबीचे, 1 नावाच्या लांबीचा, 1 प्रकाराचा, आणि मग नाव. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ब, चंद्रबिंदू आणि क मिळून 9. एकूण 17 होतात; ओळ चारच्या पटीत बसवायची म्हणून किमान 20. नावाची मर्यादा 255 बाइट आहे. इंग्रजी नावाला 255 अक्षरे मिळतात, मराठीला काना, मात्रा, वेलांटी धरून 85 चिन्हे. सरकारी पत्राचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहिणाऱ्याला ती सहज कमी पडतात.

मराठीपुरता आणखी एक पेच आहे. ‘नोकऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साध्या र ला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण नेहमीच्या मांडणीत ईएक्सटी-4 नावातले बाइट जसेच्या तसे ताडून पाहते, त्यामुळे एकाच डिरेक्टरीत ‘नोकऱ्या’ नावाच्या दोन वेगळ्या फाइली सुखाने नांदू शकतात, आणि एक शोधताना दुसरी सापडत नाही. मराठी दस्तऐवज सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवे.

नाव आणि फाइल वेगळी ठेवल्यामुळे एका आयनोडला दोन डिरेक्टरींतून दोन नावे देता येतात. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही नावे समान दर्जाची. आपल्याला किती नावे आहेत याची मोजणी आयनोड ठेवतो. परवानग्यांचे एक कोडेही इथेच सुटते: केवळ वाचण्यापुरती खुली असलेली फाइलही दुसरा माणूस काढून टाकू शकतो, कारण त्याला लिहायचे असते ते डिरेक्टरीत. तिथे लिहायची मुभा असली की सहसा पुरते. म्हणून सर्वांना खुल्या असलेल्या डिरेक्टरीवर एक खास खूण लावतात, म्हणजे इतरांच्या फाइली तिथून काढता येत नाहीत.

फाइल पुसतानाही मजकुराला लगेच हात लागत नाही. यादीतली ओळ काढायची म्हणजे बहुधा आधीच्या ओळीची लांबी एवढी वाढवायची की ती या ओळीवरून पुढे उडी मारेल. मग आयनोडमधली मोजणी एकाने कमी होते. ती शून्यावर आली आणि कोणत्याही प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवलेली नसली, तरच तिचे ब्लॉक मोकळे म्हणून नोंदले जातात.

दुसरी अट महत्त्वाची. सर्व्हरची डिस्क भरली म्हणून अवाढव्य लॉग फाइल पुसावी आणि तरी जागा तसूभरही वाढू नये, याचे कारण बहुधा हेच असते. नाव गेले, पण लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात फाइल अजून उघडीच आहे. तो बंद करून पुन्हा सुरू केला की जागा परत मिळते. चालू असलेला प्रोग्रॅम लिनक्सवर अद्ययावत करता येतो तोही याच सोयीमुळे: जुन्या नावाच्या ओळीत नव्या आयनोडचा क्रमांक लिहिला जातो, आणि आधीपासून चालू असलेली प्रत बंद होईपर्यंत जुनाच आयनोड वापरत राहते.