आधी पाणी, मग मासा

घरात पहिल्यांदा मासे आणायचे ठरले की बहुतेक जण थेट दुकान गाठतात, रंग बघतात आणि पिशवीत चार-पाच मासे घेऊन येतात. आठवड्याभरात त्यातला एकेक तरंगू लागतो, मुलं हिरमुसतात आणि टाकी माळ्यावर जाते. हे टाळता येतं. मासा ज्या पाण्यात दिवसरात्र श्वास घेणार, त्या पाण्याची चौकशी आधी करायची आणि मग त्याला मानवेल असाच मासा निवडायचा. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ही चौकशी घरबसल्या करता येते.

आपलं पाणी कसं आहे?

या भागात जांभा दगड भरपूर. जांभ्यात चुन्याचा अंश जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्यातून मुरत विहिरीत उतरलेलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. डिचोली, साखळी, मये इथल्या किंवा पेडण्याच्या आतल्या गावांतल्या विहिरी असणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. साबणाला लगेच फेस येतो का, डाळ पटकन शिजते का, आणि पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसत नाही ना? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पाणी मऊ समजा. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनारपट्टीवर एखाद्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. त्याचा हिशेब वेगळा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, मग ते पेडण्यात चांदेलच्या प्रकल्पातून आलेलं असो की डिचोलीत पडोशाच्या. तो माणसाला चालतो, पण त्याने माशाचे कल्ले पोळतात. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब वापरा. पीएच मोजायच्या पट्ट्याही तिथेच मिळतात.

कोणत्या पाण्याला कोणता मासा?

मऊ पाण्यासाठी पहिली पसंती फायटर. हा मूळचा थायलंडकडचा, उथळ आणि संथ पाण्यातला. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. टाकीसमोर पाच मिनिटं बसलात तर दिसेल: तो सावकाश वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो, एखादा बुडबुडा सोडतो आणि पुन्हा खाली जातो. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला हवेतून प्राणवायू घेणारा खास अवयव असतो. पावसाळ्यात तास-दोन तास वीज गेली, पंप बंद पडला, तरी तो त्यामुळे तग धरतो. त्याला वीस लिटर पाणी पुरतं. मात्र काचेचा छोटा गोल बाउल नको. नर एकटाच ठेवा, दोन नर एकत्र आले की एकमेकांचे पर फाडतात.

घोळका आवडत असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या. अंगावर निळसर पट्टे असलेला, चार-पाच सेंटिमीटरचा हा मासा आपल्याच देशातल्या ओढ्यानाल्यांचा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. थोडा गारवा, थोडा उकाडा, मऊ किंवा मध्यम पाणी त्याला चालतं. सहा-आठ एकत्र ठेवा, एकटादुकटा बुजतो. तो उड्या मारतो, म्हणून टाकीला झाकण हवंच.

किनाऱ्याजवळचं मचूळ किंवा जड पाणी असेल तर गप्पी आणि मॉली उत्तम. थोडा खारटपणा त्यांना सोसतो, मॉलीला तर मानवतो. गप्पी घेताना फक्त नर घ्या. नर लहान आणि रंगीत शेपटीचा, मादी मोठी आणि फिकी. मादी महिन्याच्या अंतराने वीस-तीस पिल्लं देते, आणि नराशी एकदा संग झाला की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. नवख्याची टाकी पाहता पाहता भरून जाते.

दोन मासे पहिल्या टाकीत आणू नका. गोल्डफिश वीतभर वाढतो, दहा वर्षं जगू शकतो आणि फार घाण करतो. ‘काच साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर फूटभराच्याही पुढे जातो.

टाकी मुरू द्या

डॅनिओ किंवा गप्पींसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी बरी. तिच्यात छपन्न लिटर मावतात. भरल्यावर वजन साठ किलोंच्या पुढे जातं, तेव्हा खालचं टेबल भक्कम हवं. वाळू धुऊन घाला, पाणी भरा, स्पंज फिल्टर चालू करा आणि थांबा.

थांबायचं कारण असं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. स्पंजवर आणि वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात चालतं. ही जिवाणूंची वसाहत उभी राहायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील. ओळखीच्या कुणाची निरोगी टाकी असेल तर तिथल्या वापरलेल्या स्पंजचा तुकडा मागून घ्या, काम लवकर होतं. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार.

आपल्याकडच्या मऊ पाण्यात एक अडचण येते. हे जिवाणू पाण्यातला क्षार वापरतात. तो मुळातच कमी असेल तर पीएच घसरत जातो आणि जिवाणू सुस्तावतात. उपाय स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या घासून, उकळून, वाळवून मूठभर टाकीत ठेवा. आम्ल पाण्यात त्यातला चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच सावरतो. दर आठवड्याला पट्टीने मोजत राहा.

दुकानात आणि घरी

मासा निवडताना दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगा. जो धावून खातो, पर पसरून पोहतो, तो घ्या. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर त्या टाकीतला एकही मासा नको. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी तिच्यात घाला. अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

खाद्य दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. पहिल्या पावसानंतर विहीर गढूळ झाली तर पाणी निवळेपर्यंत बदल पुढे ढकला. चवथीला चार-पाच दिवस मूळ घरी जायचं असेल तर काळजी नको. धडधाकट मोठा मासा तेवढे दिवस उपाशी राहू शकतो. शेजाऱ्यांनी प्रेमाने जास्त टाकलेलं खाद्य कुजून जास्त नुकसान करतं.

मासे नकोसे झाले किंवा वाढले तर ते दुकानात परत द्या, ओळखीत द्या. मयेच्या तळ्यात, वाळवंटी नदीत, ओहोळात किंवा विहिरीत सोडू नका. बाहेरचे मासे इथल्या माशांची अंडी आणि खाद्य फस्त करतात, सोबत रोगही नेतात. सकर भारतातल्या अनेक पाणवठ्यांत असाच पसरला आहे. डासांच्या अळ्या खाणारे मासे आपल्या ओहोळांत मुळातच आहेत. १९९० च्या दशकात गोव्यात मलेरियावर उपाय म्हणून अप्लोकायलस ब्लॉकी हा इथलाच छोटा मासा वापरून पाहिला गेला होता. त्या माशांचं पाणी त्यांच्यासाठीच राहू द्या, आणि आपला पाळीव मासा शेवटपर्यंत आपल्याच टाकीत सांभाळा.