मोडी कागद, जुने फोटो आणि त्यांच्या फाइली

कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना तुमच्यापैकी काहींनी घरातली जुनी ट्रंक उघडली असेल. आतल्या मोडी कागदांचे मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, की कागद जपले गेले असे आपल्याला वाटते. ते खरेच जपले गेले का, हे फाइलच्या प्रकारावर ठरते.

मोबाइलवर सहसा दिसणारा प्रकार म्हणजे जेपीजी. हे १९९२ सालचे मानक मुळात छायाचित्रांसाठी बनले. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे ते टाकून देते, म्हणून फाइल लहान होते. चेहऱ्यावर किंवा आकाशात छटा हळूहळू बदलतात. तिथे ही काटछाट खपून जाते. शाईची रेघ मात्र एकदम सुरू होते नि एकदम संपते. फाइल फार दाबली की रेघेभोवती धुरकट ठिपके उठतात. छापील देवनागरी तरीही लावता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अक्षरे जोडलेली, शब्दही सुटे नसतात. वाचणाऱ्याची सारी भिस्त एखाद्या गाठीवर किंवा वळणावर. तेच पुसट झाले तर गावाचे नाव भलतेच लागायचे.

म्हणून दस्तऐवज स्कॅन करवताना दुकानदाराला टिफ फाइल मागा. ए-फोर आकाराचे रंगीत पान इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केले, तर न दाबलेली फाइल सुमारे २६ एमबी होते. दुकानदार कुरकुरेल, ऐकू नका. जागेची अडचण असेल तर पीएनजी चालेल. तीही काही न गमावता दाबते. वंशावळीचा तक्ता, मंडळाचे बोधचिन्ह यांना तर तीच बरी.

जेपीजी नुसती उघडल्याने झिजते हा गैरसमज आहे. दुरुस्ती करून पुन्हा पुन्हा साठवली, तर मात्र दर वेळी थोडे हरवते. तेव्हा टिफ तशीच ठेवा, वाटायला तिच्यावरून जेपीजी काढा. लग्नाच्या फोटोला ती पुरेशी आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आणखी दाबले जाते. मोडी वाचकाकडे पाठवताना ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. जिफमध्ये मावतात फक्त २५६ रंग. ती ‘सुप्रभात’च्या हलत्या फुलांनाच राहू द्या.