कुंग गुरुजी आणि आपली परीक्षा

दोस्तांनो, गेल्या उन्हाळ्यात मी भंडाऱ्याला गेलो होतो. माझा भाचा तिथे एका अभ्यासिकेत बसतो. अभ्यासिका म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी कोणाचा तरी दादा नाहीतर ताई अशाच एखाद्या खोलीत बसत असेल. वर पत्रे, ओळीने मांडलेली प्लायवूडची टेबले, भिंतीवर भारताचा नकाशा आणि कोपऱ्यात घरघरणारा कूलर. पंचवीस-तीस मुलेमुली, पण आवाज फक्त त्या कूलरचा. भाच्याच्या घरी साकोलीकडे धानाची शेती आहे. धानाचे चुकारे मिळाले की त्यातून त्याच्या खोलीचे भाडे जाते. राज्यसेवा परीक्षेची ही त्याची तिसरी खेप.

बाहेर टपरीवर चहा घेताना तो वैतागून म्हणाला, "मामा, हे परीक्षेचं झेंगट पहिल्यांदा काढलं तरी कोणं?"

"चिन्यांनी," मी म्हणालो. "आणि तेही अशा एका गुरुजींच्या नावानं, ज्यांनी स्वतः कधी कुणाला पेपरला बसवलं नाही!"

भाच्याने कप खाली ठेवला. मग मी त्याला जे सांगितले, तेच आता तुम्हाला सांगतो.

या गुरुजींचे आडनाव कुंग. चिनी लोक त्यांना 'कुंग फू-त्झ' म्हणतात, म्हणजे सरळ 'कुंग गुरुजी'च की! पुढे युरोपातले धर्मोपदेशक चीनमध्ये गेले. त्यांनी या नावाला लॅटिन वळण दिले आणि कुंग गुरुजींचे झाले कन्फ्यूशियस. त्यांचा जन्म इ. स. पूर्व ५५१ चा, म्हणजे साधारण आपल्या गौतम बुद्धांच्या काळातला. लू नावाचे एक छोटे राज्य होते, आजच्या शान्तुंग प्रांतात. तिथे चुफू या गावी ते जन्मले. तीन वर्षांचे असताना वडील गेले. आईने हालअपेष्टा सोसून वाढवले. तरुणपणी पोटासाठी त्यांनी धान्याच्या कोठारावर हिशेब लिहिले, गुरे सांभाळली.

त्या वेळी चीनमधली छोटी छोटी राज्ये एकमेकांशी सारखी लढत होती. मोठी पदे कोणाला? तर मोठ्या घरात जन्मलेल्यांना. कुंग गुरुजींचे म्हणणे असे, की राज्य चांगले चालायचे तर कारभारी शिकलेला आणि वागायला नेक हवा. तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहू नका. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी मात्र ही मोठी धाडसाची गोष्ट होती, बरं का! त्यांनी शाळा काढली ती कोणालाही खुली. फी म्हणून वाळवलेल्या मांसाची एक जुडी आणली तरी चाले. त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी यान ह्वे इतका गरीब, की वाडगाभर भात आणि भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी एवढ्यावर एका अरुंद गल्लीत राहायचा, आणि तरी आनंदात असायचा. तो तरुणपणीच वारला, तेव्हा गुरुजी सर्वांदेखत ढसढसा रडले.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. एकदा त्यांच्या तबेल्याला आग लागली. गुरुजी दरबारातून घरी आले आणि त्यांनी एवढेच विचारले, की कोणा माणसाला इजा झाली का? घोड्यांची चौकशीच केली नाही. आता यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. पण त्या काळी घोडा महाग होता आणि तबेल्यात राबणारा नोकर स्वस्त!

त्यांच्या शिकवणीचा गाभा म्हणजे 'रन' हा एक शब्द. चिनी लिपीत तो लिहिताना 'माणूस' आणि 'दोन' या दोन खुणा शेजारी शेजारी काढतात. माणूस एकटा चांगला असत नाही. दुसऱ्याशी तो कसा वागतो, त्यावरून त्याचा चांगुलपणा ठरतो. म्हणून त्यांच्या परंपरेत पाच नात्यांना महत्त्व आले: राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र. ज्याने त्याने आपापल्या नात्याला जागावे, की घर नीट चालेल. घरे नीट चालली, की राज्य नीट चालेल.

इथे तुमचे आईबाबा मान डोलावू लागले असतील. "बघ, मोठ्यांचं ऐकायचं असतं!" थांबा. आधी एक गोष्ट ऐका.

वैनगंगेच्या रेतीतल्या डांगरवाड्या तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिल्या असतील. गुरुजींचा एक शिष्य होता, त्संग-त्झ. तो अशाच वेलांची निंदणी करत होता. चुकून एका वेलाची मुळे कापली गेली. बाप संतापला आणि त्याने दांडक्याने पोराला इतके बदडले, की पोरगा बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने काय करावे? खोलीत जाऊन तंतुवाद्य वाजवत बसला! का, तर आपल्याला फारसे लागलेले नाही हे बापाला कळावे, त्याला वाईट वाटू नये. गुरुजी शाबासकी देतील असे त्याला वाटले. गुरुजी उलट भडकले. बापाने छडी उचलली तर सोसावी, सोटा उचलला तर पळून जावे, असे त्यांचे म्हणणे. मार खाता खाता तू मेला असतास, तर बापाच्या माथी केवढे पाप आले असते! त्याला त्यातून वाचवणे हेच तुझे कर्तव्य होते.

परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे ही, पण शिकवणीशी जुळणारी. आईवडील चुकत असतील तर मुलाने गप्प बसू नये, नम्रपणे पण पुन्हा पुन्हा सांगावे, असे गुरुजींच्या परंपरेतले ग्रंथ स्पष्ट सांगतात. आईबाबांनो, हा परिच्छेद मुलांनी तुम्हाला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला, तर रागावू नका.

या संस्कारात वाढलेला एक माणूस तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला आहे. ह्युएन त्संग! हो, तोच बौद्ध यात्रेकरू. त्याचे वडील कुंग गुरुजींच्या ग्रंथांचे जाणकार होते. ह्युएन त्संग आठ वर्षांचा असताना वडील त्याला मातृ-पितृभक्तीवरचा ग्रंथ वाचून दाखवत होते. त्यात प्रसंग आला, की गुरुजी बोलू लागताच त्संग-त्झ आपल्या आसनावरून उठून उभा राहिला. ऐकता ऐकता छोटा ह्युएन त्संगही कपडे नीट करून उभा राहिला. "काय झालं?" वडिलांनी विचारले. तो गुरूसाठी उठला, मग वडील शिकवत असताना मी कसा बसून राहू, असे त्याचे उत्तर.

आणि गंमत पाहा. असा हा आज्ञाधारक मुलगा मोठा झाल्यावर देशाबाहेर जाण्यास बादशहाची बंदी असताना, सुमारे ६२९ साली चोरून सरहद्द ओलांडून भारताकडे निघाला. सुमारे ६४१ मध्ये तो महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसे साधी आणि प्रामाणिक, पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असे त्याने आपल्याविषयी लिहून ठेवले आहे. ६४५ मध्ये तो परतला, तेव्हा बादशहाने त्याला शिक्षा तर केली नाहीच, उलट मंत्री होतोस का म्हणून विचारले. त्याने नम्रपणे नकार दिला. पुढे ६५७ मध्ये तो आपल्या मुलखात गेला. नात्यातली एक वृद्ध बहीण तेवढी उरली होती. तिच्यासोबत त्याने आईवडिलांची पडीक झालेली समाधी गाठली आणि त्यांना चांगल्या जागी नव्याने विधिपूर्वक पुरले. घर सोडलेल्या भिक्षूने हे केले. कुंग गुरुजी चिनी माणसाच्या हाडीमाशी किती भिनले होते, हे यावरून कळावे.

आता वळू या परीक्षेकडे. गुरुजी इ. स. पूर्व ४७९ मध्ये वारले, तेव्हा एकाही राजाने त्यांचे म्हणणे पुरते मानलेले नव्हते. शिष्यांनी त्यांची बोलणी जमवली आणि 'लुन-यू' हा वीस प्रकरणांचा लहानसा ग्रंथ तयार झाला. इ. स. पूर्व २१३ मध्ये एका बादशहाने असले ग्रंथ जाळायला लावले. पण पुढच्या हान घराण्याने त्यांनाच डोक्यावर घेतले, आणि इ. स. ६०५ च्या सुमारास सरकारी अधिकारी लेखी परीक्षेतून निवडण्याची पद्धत सुरू झाली. अभ्यासक्रम? कुंग गुरुजींच्या परंपरेतले ग्रंथ. ही परीक्षा १९०५ पर्यंत चालली. म्हणजे तेराशे वर्षे!

नानचिंग शहरातल्या परीक्षा केंद्रात वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या. कोठडी एवढीशी, की पाय पसरता येऊ नयेत. दोन फळ्या मिळायच्या. एक बसायला, एक लिहायला. रात्री त्याच जोडून झोपायचे. एक पेपर तीन दिवस आणि दोन रात्रींचा, आणि असे तीन पेपर! जेवण आपले आपण न्यायचे. दारात झडती. तरीही बनियनवर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ लिहून नेणारे महाभाग होतेच. त्यांची ती बनियने आज संग्रहालयांत ठेवलेली आहेत. (कॉपी करणाऱ्यांनो, तुमची परंपरा जुनी आहे, पण तिचा अभिमान बाळगू नका!) वशिला चालू नये म्हणून उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकत, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून ती नव्याने उतरवून काढत. आपल्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक असतो ना, त्यामागची कल्पना हीच.

हे इंग्रजांनी पाहिले. ईस्ट इंडिया कंपनीत तेव्हा अधिकारी कसे नेमत? संचालकांच्या ओळखीने, भाचे-पुतणे पाहून. चीनमध्ये राहिलेल्या मेडोज नावाच्या इंग्रजाने १८४७ मध्ये पुस्तक लिहून सांगितले, की चिन्यांसारखी परीक्षा घ्या. विलायतेत यावर बरीच वादावादी झाली आणि १८५५ पासून हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्यांसाठी लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय तीत निवडले गेले. १९१८ मध्ये तर आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख पहिले आले! त्यांची नेमणूक झाली मध्य प्रांत-वऱ्हाडात. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. परीक्षा भारतात देता येऊ लागली ती १९२२ पासून. मग १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आपला लोकसेवा आयोग आला, आणि ही वाट चुफूपासून फिरत फिरत साकोलीच्या धानाच्या बांधापर्यंत येऊन पोचली.

शेतकऱ्याचा पोरगा अभ्यासाच्या जोरावर अधिकारी होऊ शकतो, ही या पद्धतीची देणगी. पण माझ्या मते परीक्षेने कुंग गुरुजींचे नुकसानही पुष्कळ केले. ज्यांनी शिष्यांशी गप्पा मारत शिकवले, त्यांचे बोलणे लाखो मुले घोकू लागली. मोठ्यांनी धाकट्यांशी नीट वागावे हा अर्धा भाग मागे पडला आणि धाकट्यांनी ऐकावे एवढाच उरला. बायकांनी आधी बापाचे, मग नवऱ्याचे, मग मुलाचे ऐकावे असा नियम त्या परंपरेत होता. आपल्या जुन्या ग्रंथांतही तसाच आहे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा बादशहाच्या परीक्षेत मुलींना प्रवेश नव्हता आणि १९०५ मध्ये ती बंद पडेपर्यंत मिळाला नाही.

नापास होणाऱ्यांचे काय? पू सुंगलिंग नावाचा एक मास्तर होता. पहिली पायरी तो तरुणपणीच झोकात चढला आणि मग म्हातारा होईपर्यंत पुढच्या पायरीवर अडकला. मुले शिकवून पोट भरता भरता त्याने भुताखेतांच्या आणि मायावी कोल्ह्यांच्या पाचशेच्या आसपास गोष्टी लिहिल्या. त्या आज जगभर वाचतात. त्याला नापास करणाऱ्या परीक्षकांची नावे कोणाला आठवतात?

विसाव्या शतकात खुद्द चीननेच गुरुजींना धारेवर धरले. १९१९ च्या सुमारास विद्यार्थी म्हणू लागले, की देश मागे पडला तो यांच्यामुळे. १९६६ मध्ये तर चुफूच्या मंदिरात घुसून तरुणांनी मूर्ती फोडल्या. आता तेच मंदिर पुन्हा सजले आहे. तैवानमध्ये २८ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस शिक्षक दिन असतो. आणि परीक्षेचे वेड? दक्षिण कोरियात बारावीनंतरच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग असतो. तेवढ्या वेळात देशभर विमानांचे उड्डाण-उतरणे थांबवतात!

हे सगळे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा म्हणतात, या खेपेला नाही झालं तर वापस ये. मला अजून एकदा बसावं वाटते. मग कुंग गुरुजींच्या हिशेबानं मी काय करू?"

"बाबांशी बोललास का?"

"नाही."

"मग आधी ते कर. नम्रपणे, आणि पुन्हा पुन्हा."

तो हसला. चहा केव्हाच गार झाला होता. "मामा, राज्यसेवेत या गुरुजींवर प्रश्न येते का?"

"बहुधा नाही येत."

"मग सांगा जी अजून," तो म्हणाला आणि त्याने दोन चहा सांगितले.