पांदणीतली सायकल

‘ग्रॅव्हल बाइकिंग’ हा शब्द अलीकडे आपल्या भागातील तरुण मंडळींच्या तोंडी ऐकू येऊ लागला आहे. डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम आणि मातीच्या वाटांनी, टेकड्या चढत-उतरत व नदी-नाले ओलांडत केलेला लांब पल्ल्याचा सायकलप्रवास, असा त्याचा सरळ अर्थ. या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळलेले असते, परंतु टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढावर दम न काढणारे असतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ साली सुरू झालेल्या दोनशे मैलांच्या शर्यतीने या प्रकारास लोकप्रियता दिली. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ब्रिटनमध्ये मात्र खडबडीत वाटांवर सायकल नेणाऱ्या हौशी लोकांची संघटना १९५५ सालापासूनच आहे. तात्पर्य, नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे.

आपल्याकडे तर तिच्यासाठी लागणारी वाटही जुनी आहे. गावापासून वावरांकडे जाणारी, दोन्ही अंगांना धुरे असलेली, बंडीच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडलेली वाट म्हणजे आपली पांदण. मागील पिढीतील गुरुजी, पोस्टमन आणि दूधवाले ज्या काळ्या सायकलीवरून या पांदणींतून ये-जा करीत, तिचा टायर २८ × १½ इंच मापाचा, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर रुंद असे. आज हजारो रुपये खर्चून घेतल्या जाणाऱ्या ग्रॅव्हल टायरची रुंदी नेमकी तेवढीच आहे! अर्थात त्या सायकलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जड होती, गिअर एकच होता आणि पावसात तिचे ब्रेक लागतच असत असे नाही.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. एक म्हणजे चाळिशी-पन्नाशीतील आपल्या व्यवसायबंधूंचे वाढते पोट आणि वाढता रक्तदाब, ज्यातून लेखक स्वतःला वगळत नाही. दुसरे म्हणजे मुले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे. ही साठ मिनिटे मुलांनी कोठे काढावीत? पांढुर्ण्यास नागपूर-बैतूल महामार्ग आणि सौंसरला सावनेर-छिंदवाडा महामार्ग; दोन्हींवरून अहोरात्र ट्रक धावतात. त्या रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलास सायकल घेऊन जा, असे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगणार नाही. पांदणीवर मात्र सांगेल. ट्रक तेथे सहसा येत नाही आणि बंडीचा वेग मुलाच्या सायकलीपेक्षा कमी असतो.

आपल्या व्यवसायातील लोकांनी सायकलीवर मोठे पराक्रम केले आहेत, हेही येथे नमूद करणे उचित होईल. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. पुढे २०१८ मध्ये डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे ९,१०० किलोमीटरचे अंतरही सायकलीने कापले. हे सर्व डांबरी रस्त्यावरचे विक्रम होत. आपणांस इतके दूर जावयाचे नाही. जामच्या खोऱ्यातून कन्हानपर्यंत गेलो तरी पुरे.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुकाही त्यात आला. या दोन गावांतील अंतर नकाशावर सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटर आहे, परंतु तेवढ्यात जमिनीचे स्वरूप किती वेळा पालटते, हे मोटारीच्या काचेतून कळत नाही. पांढुर्ण्याच्या वायव्येस, तिगावपलीकडे, रेल्वेलाही घाट चढावा लागतो. त्या घाटावरील मुलताईचे पठार सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तापी तेथे उगम पावून पश्चिमेस अरबी समुद्राकडे जाते. वर्धा नदीही त्याच परिसरात उगम पावते, पण दक्षिणेस वळते. आपली जाम पूर्वेकडे वाहत जाऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगा व वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते. म्हणजे पांढुर्ण्याच्या पश्चिमेकडील जलविभाजकाच्या दोन उतारांवर पडलेले पाणी शेकडो किलोमीटरचा वळसा घेऊन पुन्हा भेटते. सायकलस्वारास हा भूगोल पायांनी समजतो. नदीच्या कडेने जाणारी वाट सपाट, तर एका नाल्याच्या खोऱ्यातून दुसऱ्यात जाणारी वाट चढाची. आणि असे लहान लहान चढ दिवसभरात मिळून एका मोठ्या घाटाची बरोबरी करतात.

पांढुर्ण्याकडील खडक हा दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कुजून मुरूम होतो आणि अधिक कुजून काळी माती. मुरूम हा सायकलीचा खरा मित्र: पाणी लवकर निचरतो, दाबला की घट्ट बसतो, चाक धरून ठेवतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात तिच्यासारखा शत्रू नाही. तिच्यातील चिकण कण पाणी पिऊन फुगतात, टायरवर थरावर थर चढतो, शेवटी चाक व फोर्क यांमध्ये लगदा अडकून चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून या भागातील हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत समजावा. त्याच काळात संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची तोड संपत येऊन मृग बहाराची सुरू होते. पांदणीत क्रेट भरलेली वाहने उभी असतात. तेथे सायकलवाल्याने उतरून वाट द्यावी, घंटी वाजवीत बसू नये.

सौंसरकडे सरकलो की खडक बदलतो. शंभर कोटी वर्षांहून जुने संगमरवर, अभ्रकी शिस्त आणि गारगोटीचे खडक येथे वर आले आहेत. भूगर्भशास्त्रात मध्य भारतातील या खडकांच्या समूहाला ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे. आपल्या तालुक्याच्या गावाचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्रीय ग्रंथांत आढळते, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? यातच मँगनीजचे साठे आहेत. फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातील मँगनीजवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात येथील खाणींचे वर्णन आहे आणि सीतापार या गावावरून त्याने एका खनिजास ‘सीतापाराइट’ असे नावही दिले होते. ते खनिज आधीच माहीत असलेले बिक्सबाइट असल्याचे पुढे सिद्ध झाले, ते असो. सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की गारगोटीचे धारदार तुकडे टायरची कड कापतात आणि सैल खडीवर पुढचा ब्रेक जोराने दाबल्यास चाक घसरते. उत्तरेस सिल्लेवानीच्या घाटाकडील सागवनांत उतार तीव्र आहेत, तेथे हे ध्यानी असावे. जामच्या पात्रातील गुळगुळीत गोटे वेगळेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आपणा डॉक्टरांना पुरेसे काम देतात, म्हणून त्यांवर सायकल न नेलेलीच बरी.

हवा भरलेला टायर हा मुळात एका लहान मुलासाठी जन्माला आला, ही गोष्ट मला नेहमी प्रिय वाटते. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे दगडी रस्त्याचे हादरे कमी व्हावेत म्हणून रबरी नळीत हवा भरली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. टायर दगडासारखा कडक असला म्हणजे सायकल हलकी जाते, हा समज गुळगुळीत रस्त्यापुरता बरा आहे. खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक खड्याबरोबर स्वारासह सगळी सायकल वर उचलतो व ती शक्ती वाया जाते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. सत्तर किलो वजनाच्या स्वारास ४० मिलिमीटर टायरमध्ये ३५ ते ४० पौंड हवा पुरेशी होते. राहिले बाभळीचे काटे. ट्यूब न वापरता टायरमध्ये छिद्र बुजविणारे द्रव्य टाकण्याची सोय आता आहे. ती नसेल तर जोड आणि पंप खिशात हवाच.

हादऱ्यांचा संबंध शरीराशीही आहे. तळहाताच्या करंगळीकडील भागावर सतत दाब राहिल्यास अल्नर नसेवर ताण येऊन करंगळी व अनामिका बधिर होतात. पकड सैल ठेवणे, हातांची जागा बदलणे व हवा कमी करणे हा उपाय. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच असावी. सीट फार खाली ठेवून चालविणाऱ्यांचे गुडघे पुढून दुखू लागतात. दोन तासांपर्यंतच्या फेरीस साधे पाणी चालते. त्याहून लांब, घाम काढणाऱ्या फेरीत नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम खाली येण्याची भीती असते, म्हणून आम्हा बालरोगतज्ज्ञांची आवडती ओआरएसची पुडी, २००२ साली बदललेल्या कमी क्षाराच्या प्रमाणातील, बरोबर ठेवावी. मीठ घातलेले ताकही चालेल. हृदयविकार वा मधुमेह असलेल्यांनी तपासणी करूनच निघावे. धनुर्वाताची लस अद्ययावत असावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आपल्या राज्यात दुसऱ्या गावी शाळेत जाणाऱ्या सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांना शासनाकडून सायकली मिळतात. खरे पाहता खडीवरचे खरे सायकलस्वार हीच मुले होत. त्यांच्या दोन इजा व्यवसायबंधूंनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली, कॅरिअरवर बसलेल्या लहान भावंडाची टाच आऱ्यांत अडकण्याची. पहिल्या दिवशी केवळ खरचटल्यासारखे दिसणारे टाचेमागचे कातडे चार-पाच दिवसांनी काळे पडते. म्हणून मलमपट्टी करून सोडून न देता पुन्हा पुन्हा पाहावे. मागील चाकास जाळी आणि पाय ठेवण्यास आधार एवढ्यानेच ही इजा टळते.

दुसरी इजा अधिक फसवी आहे. पडताना हँडलचे टोक पोटात घुसते. पोटावर एक लहान गोल वळ दिसतो; मूल रडून शांत होते, घरी जाऊन जेवतेही. मुलांच्या पोटाची भिंत पातळ असल्याने आत मात्र स्वादुपिंड किंवा ग्रहणी पाठीच्या कण्यावर चेपली गेलेली असू शकते, आणि उलट्या, पोटदुखी, ताप एक-दोन दिवसांनी सुरू होतात. असा वळ दिसला की मुलास देखरेखीखाली ठेवावे. पहिली सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होऊ नये. लक्षणे राहिल्यास सीटी स्कॅन करावा. हँडलच्या टोकाची रबरी मूठ फाटून नळी उघडी पडली असेल तर धोका वाढतो. नवी मूठ अगदी अल्प किमतीत मिळते. हेल्मेटबद्दल बोलायचे तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ४० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. आणि ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेऊ नये. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीस टेकले पाहिजेत.

हे सर्व ज्या पांदणींवर अवलंबून आहे, त्या आता अरुंद होत चालल्या आहेत. दोन्ही बाजूंचे शेतकरी नांगरताना दरवर्षी एकेक तास आत सरकतात आणि काही वर्षांत बंडीची वाट पायवाट होते. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाटीच्या हक्कांची नोंद करण्याची तरतूद आहे. शेतात जाण्याच्या वाटेविषयी वाद उद्भवल्यास कलम १३१ अन्वये तहसीलदार स्थानिक चौकशी करून, पूर्वापार रूढी व सर्वांची सोय पाहून निर्णय देऊ शकतात. हा अर्ज वाटेची अडचण होणाऱ्या शेतकऱ्यानेच करावयाचा असतो, आणि शेजाऱ्याशी वैर नको म्हणून तो बहुधा करीत नाही. परिणामी त्याची मुलगी शाळेत जाताना पांदणीऐवजी महामार्गाच्या कडेने सायकल नेते. आपल्या दवाखान्यात असे अनेक पालक येतात. मुलाचे वजन, उंची व लसी विचारताना, ते शाळेत कोणत्या वाटेने जाते, हा एक प्रश्न मी अलीकडे केसपेपरवर लिहू लागलो आहे.