योजना मिशनची, मंडळी माणसांची

अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास ठाऊक नाही, असं ख्रिस्ती घर नगरकडे विरळाच. १८१३ मध्ये मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले आणि मंडळी वाढत गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे रोप कितीदा उपटता उपटता वाचलं, ते स्मारकांच्या शिळांवर कोरलेलं नसतं.

मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट कलकत्त्याहून सरकारी हुकूम चुकवून आले होते. त्यात इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध पेटलेलं. आपल्याला जहाजावर चढवून इंग्लंडला धाडणार, हे कळताच दोघे गुपचूप कोचीनला निसटले, पण तिथून परत आणले गेले. शेवटी हॉलने गव्हर्नर नेपियनच्या सदसद्विवेकालाच आवाहन करणारं पत्र लिहिलं. ज्याच्या हुकुमाला भिऊन पळाले, त्याच गव्हर्नरच्या सहानुभूतीने मिशन तगलं!

नगरला शाळा निघाल्या, प्रवचनं झाली. शहाणीसुरती, लिहिती-वाचती माणसं आधी येतील, अशी आशा. बाबाजी नावाचा ब्राह्मण ख्रिस्ती मोठ्या तळमळीने राबत होता. १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली, पण त्याच वर्षी बाबाजी पटकीने गेला. आणि त्या पहिल्या मंडळीत होतं कोण? बहुतेक मिशनच्या अनाथ-अपंगांच्या आश्रयगृहातली माणसं. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, तेच पायाचे दगड ठरले.

पुढे प्रश्न आला गाण्याचा. परदेशी चालींवरची स्तोत्रं मंडळी भक्तिभावाने म्हणे, पण रस्त्यावरचा माणूस थांबेना. मग मंडळीतलेच कृष्णराव सांगळे ख्रिस्तचरित्र घेऊन कीर्तनाला उभे राहिले. प्रवचनाला पाठ फिरवणारे लोक कीर्तनाला मात्र बसू लागले.

१८९३ मध्ये नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा सर्वांत मोठा कवी असा रेल्वेच्या डब्यात गवसला.

याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची आस. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार ओसरला. त्यांची गीतं मात्र मिशनच्याच उपासनेत राहिली आणि आज निरनिराळ्या पंथांच्या मराठी मंडळ्या ती म्हणतात.

म्हणून नवी मंडळी रुजवू पाहणाऱ्या तरुण पाळकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आराखडा जरूर करा, पण दारात आधी कोण येतं आणि ते कोणत्या सुरात गातं, याकडे त्याहून अधिक लक्ष द्या. मंडळीला घडवतात ती हीच माणसं.