पडद्यावरचा देव

माऊली, घरातलं पोट्टं मोबाईलवर 'देव' होऊन खेळतंय म्हणून एकदम रागावू नका. आधी खेळ समजून घ्या. १९८९ साली इंग्लंडातल्या बुलफ्रॉग कंपनीनं संगणकासाठी 'पॉप्युलस' नावाचा खेळ काढला. पुढं तसे कितीतरी आले. त्यात खेळणारा म्हणजे देव. तो जमीन उंचसखल करतो, सपाट जागी माणसं घरं बांधतात, आणि भक्त वाढले की देवाची शक्ती वाढते. मग करा भूकंप, आणा पूर! भक्त संपले की देव हरला. म्हणजे त्या देवाला माणसं कशाला हवीत? शक्ती साठवायला. आपला पांडुरंग पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला, तो काय बळ वाढवायला?

अन् पूर सोडणारा तो देव स्वतः कोरडाच. आपल्या यवतमाळात पाऊस चुकला की कपाशीवाल्याच्या घरात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पडद्यावर वाहून जाणाऱ्या घरात चूल नसते.

पोराला खेळू द्या. पण जवळ बसून विचारा, "त्या घरात कोण राहत होतं रे?" आणि एकदा त्याला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला न्या. तिथं देव जमिनीच्या पातळीखाली बसला आहे. पायऱ्या उतरून त्याच्याकडं जावं लागतं.