तार कुणाला, प्लेट कुणाला?

दोस्तांनो, तुमच्या वर्गात एखादा तरी असेलच, जो हसला की दातांवरची तार चमकते! पण सगळ्यांना एकच उपाय चालत नाही बरं का. दोष कुठे आहे आणि वय किती, यावर ते ठरतं.

मुळात हाडात घट्ट रुतलेला दात सरकतो कसा? तार त्याला हळूहळू ढकलत राहते. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवं हाड भरतं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर! म्हणून तर बहुतेकांना दीड-दोन वर्षं लागतात.

आता प्रकार पाहू.

काढता-घालता येणारी प्लेट : एखाद-दुसरा दात जरा कलला असेल तर ही पुरते. पण ती तोंडात हवी, डबीत नव्हे!

पक्की तार : दात एकमेकांवर चढलेले, गोल फिरलेले किंवा फार पुढे आलेले असले, की प्रत्येक दातावर ब्रॅकेट चिकटवून त्यांतून तार नेतात. आजच्या ब्रॅकेटचा मूळ नमुना अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांचा, १९२८ च्या सुमाराचा. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट कमी दिसतात, पण लवकर तुटू शकतात.

ट्विन ब्लॉक : दात नव्हे, खालचा जबडाच मागे असेल तर? स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये बनवलेले हे दोन ठोकळे जबडा पुढे धरून ठेवतात. मात्र हे काम ऐन वाढीच्या वयातच साधतं.

पारदर्शक अलाइनर : दोष फार अवघड नसेल तर चालतात, पण दिवसाचे वीस-बावीस तास घालायचे.

आईबाबांनो, 'सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू,' असं म्हणू नका. सातव्या वर्षाच्या सुमारास ऑर्थोडॉन्टिस्टना एकदा दाखवून घ्या. वाकडे दात मोठेपणीही सरळ होतात. पण जबड्याची वाढ थांबली, की मग कधीकधी शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही.

आणि तारवाल्या दोस्तांनो, चिक्की, ऊस नि भाजलेलं कणीस सध्या लांबच ठेवा. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करा. तार निघाली की डॉक्टर रिटेनर देतील, तो नेमाने लावा. नाहीतर दात निघालेच परत आपल्या जुन्या जागी!